काही केलं नाही, साहेब!

जावईबापूंच्या फ्रिजवर दोन कागद लावलेले आहेत. एक नातवाच्या शाळेतल्या सुट्ट्यांचा आणि दुसरा भोक पडलेला. हे भोक साधं नाही. १०० यार्डांवरून, म्हणजे आपल्या हिशेबाने ९१ मीटरवरून मारलेल्या तीन गोळ्यांनी मिळून पाडलेलं ते एकच वेडंवाकडं भोक आहे, आणि त्यावर रुपया ठेवला तर झाकून जातं. खाली तारीख, वाऱ्याचा वेग आणि जावईबापूंची सही. घरी येणाऱ्या माणसाला पाण्याचा पेला मिळण्याआधी हा कागद दाखवला जातो. कुणी लांबूनच 'वा' म्हणून वेळ मारून नेऊ लागला, तर त्याला हाताला धरून जवळ नेतात.

त्या कागदानंतर त्यांनी रायफलीच्या नळीला सप्रेसर बसवला, आणि तेव्हापासून फ्रिजवर लावावा असा कागद घरात आलेला नाही.

मी वीज मंडळातून निवृत्त झालेला माणूस. खांब, तारा आणि डीपी यांच्या संगतीत, कऱ्हाडच्या आसपास सगळी नोकरी झाली. बंदुकीशी संबंध म्हणाल तर जत्रेतल्या फुग्यांपुरता, आणि त्यातही माझ्यापासून फुग्यांना कधी धोका पोचला नाही. सहा महिने लेकीकडे राहायला म्हणून ह्यूस्टनजवळच्या केटीला आलो, तेव्हा वाटलं होतं की नातवाला बागेत न्यायचं आणि संध्याकाळी कढी-खिचडी खायची. घरात पाऊल टाकलं तर जावई गॅरेजमध्ये रायफलीकडे टक लावून बसलेले, आणि लेक सांगतेय, "बाबा, त्याच्याशी आत्ता बोलू नका. कालपण खालीच गेल्या."

टेक्सासात रायफल असणं नवलाचं नाही. रानडुकरांनी इथे उच्छाद मांडलाय. २०१९ पासून तर जमीनमालकाची परवानगी असेल, तर खासगी रानात डुक्कर मारायला शिकारीचा परवानासुद्धा लागत नाही. जावईबापूंच्या ऑफिसातल्या कुणाचं तरी रान आहे, रानात डुकरं आहेत, म्हणून रायफल. जावईबापू स्वतः शाकाहारी, गुरुवार पाळणारे. आजवर त्यांच्या हातून फक्त कागद मेलेत.

मला मात्र त्या रायफलीला बोटही लावायची मुभा नाही. पाहुण्याच्या व्हिसावर आलेल्या परदेशी माणसाने इथे बंदूक किंवा काडतूस बाळगायचं नाही, असा कायदा आहे. परवानाधारक शिकारी वगैरे अपवाद आहेत, पण माझ्याकडे आधार कार्ड आणि ज्येष्ठ नागरिकाचा एसटी पास सोडून दुसरं काही नाही. आता बघा, हात लावायचा नाही, पैसे घालायचे नाहीत, जबाबदारी कसलीच नाही, आणि सल्ला द्यायला पूर्ण मोकळीक. निवृत्त माणसाची एवढी सोय आपल्याकडच्या कुठल्याच कायद्यात नाही.

सप्रेसर म्हणजे वीतभर लांबीची एक नळी. तिच्या पोटात एकामागे एक आडव्या चकत्या असतात. गोळी मधल्या भोकातून सरळ निघून जाते आणि तिच्या मागून सुटलेला वायू त्या चकत्यांत अडखळत, थंड होत, जरा नरमून बाहेर येतो. एवढ्याशा नळीसाठी जावईबापूंनी ट्रस्ट काढलाय. खरंच काढलाय. आमच्याकडे ट्रस्ट काढायचा तर निदान एक देऊळ लागतं, नाहीतर अनुदान खाणारी शाळा. इथे नळी ट्रस्टच्या नावावर आणि जावई आणि लेक दोघं विश्वस्त. दोघांच्या दहाही बोटांचे ठसे, दोघांचे फोटो, फॉर्म, आणि वर २०० डॉलर कर. हा कर १९३४ साली बसवला आणि २०२५ संपेपर्यंत एका सेंटने हलला नाही. १ जानेवारी २०२६ पासून सप्रेसरवरचा कर शून्य झाला. जावईबापूंनी अर्थातच त्याआधी भरला होता. आमच्या घराण्याचं नशीब जावयालाही लागू पडतं हे बघून मला जरा आपलेपणाच वाटला.

"आपल्या लग्नाला एवढे कागद लागले होते का हो?" आमच्या हिने विचारलं.

हिचा एक भाचा पुण्यात बुलेटचा सायलेन्सर बदलून हिंडतो आणि जास्त आवाज केल्याबद्दल दंड भरतो. इथे जावयांनी आवाज कमी करण्याबद्दल कर भरला. हिला दोघांचाही अभिमान आहे.

पहिल्यांदा त्यांच्याबरोबर रेंजवर निघालो तेव्हा गाडीत मला इतिहास ऐकावा लागला. हायरम मॅक्सिम नावाच्या गृहस्थाने मशीनगन शोधली आणि तिच्या आवाजात राहून राहून तो ठार बहिरा झाला. त्याच्या मुलाने, हायरम पर्सी मॅक्सिमने, बंदुकीचा सायलेन्सर काढला आणि १९०९ मध्ये पेटंट घेतलं. बापाने करून ठेवलेलं मुलाने निस्तरायचं, ही रीत सगळीकडे सारखीच. मी सिनेमे पाहून आलेलो. खलनायक नळी फिरवून बसवतो, 'फुस्स' होतं आणि बाजूच्या खोलीतल्या लोकांचा चहा चालू राहतो, अशी माझी समजूत. जावईबापूंनी कानाला जाड कर्णरक्षक लावायला दिले तेव्हा मी हसलो. मग त्यांनी चाप ओढला आणि मी बाकड्यासकट मागे सरकलो. .३०८ च्या रायफलीचा आवाज १६० डेसिबलच्या वर जातो. सप्रेसर त्यातले २५-३० कमी करतो. उरतो तोही माणसाला जागच्या जागी उडवायला पुरेसा असतो. शिवाय गोळी आवाजाच्या वेगापेक्षा जोरात जाते, तिचा स्वतःचा कडाका वेगळाच. त्याला कुठलीच नळी आवरू शकत नाही.

दुर्बिणीतून कागद पाहिला. गोळ्या मधोमध मारलेल्या, पण लागलेल्या खाली. एक चार इंच खाली, एक त्याहून खाली आणि डावीकडे, तिसरी तर शेजारच्या बाकड्यावरच्या माणसाच्या कागदाकडे निघालेली.

"काही बदललंत का?" मी विचारलं.

"काहीच नाही हो, बाबा," जावईबापू म्हणाले. "फक्त सप्रेसर लावला."

हे वाक्य ऐकलं आणि मला एकदम कऱ्हाडला गेल्यासारखं वाटलं. माझ्या सगळ्या नोकरीत फॉल्टची तक्रार घेऊन आलेल्या प्रत्येक माणसाने पहिलं वाक्य हेच म्हटलेलं आहे. 'काही केलं नाही, साहेब. आपोआपच जळली डीपी.' आपण विहिरीवर जाऊन बघावं तर मंजुरी पाच हॉर्सपॉवरची आणि पाण्यात सोडलेली मोटर साडेसातची. शेजारच्या विहिरीवरही तीच कथा, आणि बांधावर एक आकडा तारेवर टाकलेला, तो कुणाचा हे गावात कुणालाच ठाऊक नाही. पण केलं कुणीच काही नाही. लोक खोटं बोलतात असं मी म्हणत नाही. आपण केलेल्या गोष्टी माणसाला बदल वाटतच नाहीत. लेक परवा माझी साखर तपासून म्हणाली, "बाबा, काय खाल्लंत?" मी मनापासून म्हणालो, "काही नाही." बाकरवडीचं पाकीट मी काही खाण्यात धरत नाही.

तर, 'काहीच नाही' ऐकल्यावर मी गप्प बसलो आणि तज्ज्ञांना बोलू दिलं. तज्ज्ञांची टेक्सासात वाण नाही.

पहिले तज्ज्ञ खुद्द जावईबापू. त्यांचं म्हणणं, नळीच्या तोंडाशी वजन वाढलं की नळीची थरथर बदलते. गोळी सुटताना पोलादाची नळीसुद्धा हलते, आणि लवचिक काठीच्या टोकाला नारळ बांधून हलवली तर काठी जशी वेगळीच डुलेल तशी ती वेगळी हलते. हे मला पटलं, आणि ते खरंही आहे. सप्रेसर लावला की गोळी पडायची जागा बदलतेच. पण ती बदलून एका नव्या जागी पडायला हवी. चार इंच खाली तर चार इंच खाली, पण सगळ्या. मग दुर्बिणीवरची चकती फिरवायची, एका टिचकीला १०० यार्डांवर पाव इंच, की काम झालं. यांच्या गोळ्या खाली तर जात होत्याच, शिवाय एकमेकींशी अबोला धरून जात होत्या.

दुसरे तज्ज्ञ जावईबापूंचे तेलुगू मित्र. हे मला अंकल म्हणतात आणि रायफलीला मॅडम. त्यांच्या मते सप्रेसर वाकडा बसला आहे. तो वाकडा असेल तर गोळी आतल्या चकतीला घासते, आणि जास्तच घासली तर सप्रेसर फाटतो. त्यासाठी त्यांनी एक खास सळई आणली. अगदी सरळ घासलेली, रायफलीच्या भोकात जेमतेम मावेल अशी. बोल्ट काढून, चेंबर रिकामं असल्याचं तिघांनी तीनदा बघून, रायफल स्वयंपाकघराच्या ओट्यावर आडवी ठेवली. सळई आत सरकवली. ती सप्रेसरच्या तोंडातून थोडीशी बाहेर आली. आता सळईभोवती चारी बाजूंनी सारखी फट दिसली पाहिजे.

"उजवीकडे जास्त आहे," जावईबापू म्हणाले.

"लेफ्ट, लेफ्ट," मित्र म्हणाले.

दोघांनी जागा बदलल्या. मग जावईबापूंना डावीकडे जास्त दिसली आणि मित्रांना उजवीकडे. मी फोनची बत्ती धरली, कारण बत्तीवर कायद्याची बंदी नाही. तेवढ्यात आमची ही पोळ्यांची परात घेऊन आली. तिघे पुरुष एक डोळा मिटून एका नळीत बघताहेत हे पाहून म्हणाली, "तिघांनाही मोतीबिंदू झालाय का? झाला असेल तर ओटा सोडून व्हा."

शेवटी लेकीने येऊन कागदाच्या पट्टीने फट मोजली. चारी बाजूंनी सारखी. सप्रेसर अगदी सरळ होता. यावर आनंद व्हायला हवा होता. पण जावईबापूंचा चेहरा पडला. माणसाला आपल्या वस्तूत दोष नको असतो हे खरं, पण बिघाड शोधायला बसल्यावर तो सापडला नाही तर त्याहून जास्त राग येतो. फॉल्ट सापडला नाही म्हणून मी लायनमनला बोललेलो आहे, जणू त्यानेच तो कुठेतरी लपवून ठेवला होता.

तिसरे तज्ज्ञ रेंजवरचे टोपीवाले आजोबा. हे रोज तिथे असतात. मीही आजोबाच, पण माझ्याकडे तशी टोपी नाही. त्यांनी पाच मिनिटं काहीच न बोलता पाहिलं. मग सप्रेसरला हातमोजा घातलेल्या हाताने धरून हळूच पिळलं. अर्धा आटा सैल झालेला. "गोळ्या मारून मारून तापतो आणि सैल होतो," ते म्हणाले. "दर थोड्या वेळाने बघत जा." काढून पाहिलं, तर नळीच्या ज्या कडेवर सप्रेसर टेकतो तिथे काजळी बसलेली. कडेवर कणभर काजळी असली तरी सप्रेसर चपखल टेकत नाही. आजोबांनी ती पुसली आणि जावईबापूंनी उत्साहाच्या भरात गरम सप्रेसर उघड्या हाताने उचलला.

घरी जाऊन मी सूटकेसमधलं बर्नोल काढलं. परदेशी जाताना कशाला नेता म्हणून ज्याची चेष्टा झाली होती, तेच. पुढच्या वेळेपासून लेकीचा ओव्हनचा मोजा, त्यावर स्ट्रॉबेरीची चित्रं असलेला, रायफलीच्या पेटीत राहू लागला. गरम नळीवरची हवा थरथरते आणि दुर्बिणीतून कागद हलताना दिसतो, म्हणून नळीला खोळही घालायची ठरली. हिने लगेच लोकरीची विणून द्यायची तयारी दाखवली. लोकर पेट घेईल असं सांगून लेकीने सुया काढून घेतल्या.

गोळ्या थोड्या जवळ आल्या. थोड्याच.

"आणखी काही बदललंत का?" मी पुन्हा विचारलं.

"नाही हो, बाबा. सांगितलं ना."

"आणि ते पार्सल रे?" लेक स्वयंपाकघरातून म्हणाली. "विश्वस्त म्हणून विचारतेय."

तेव्हा ते बाहेर आलं. सप्रेसर लावला त्याच दिवशी नवीन दोन पायांचं स्टँडही लावलं होतं. पण स्टँड म्हणजे काही बदल नव्हे, ते नुसतं खाली असतं. दोन दिवसांनी कळलं की दुर्बिणीच्या कड्याही नव्या आहेत, जरा उंच, कारण मान अवघडत होती. पण कड्यांचं काय, त्या नुसत्या धरतात. आणि आठवड्याने मित्रांच्या तोंडून समजलं की काडतुसंही वेगळी. आधी १६८ ग्रेनची महागडी, आता १५० ग्रेनची स्वस्त, ठोक भावात आणलेली. "कागदच तर मारायचाय," जावईबापू म्हणाले. फ्रिजवरचा कागद मारताना हा विचार सुचला नव्हता.

एका दिवसात चार बदल, आणि आळ सगळा नळीवर, कारण तिच्यासाठी ट्रस्ट काढला होता.

आमच्या खात्यात याला सोपा उपाय आहे. शेवटी जोडलेलं आधी सोडवायचं, मग एक-एक फीडर सुरू करत यायचं. एका वेळी एकच. मी हे सांगितलं. जावईबापू आणि मित्र दोघांनीही मान डोलावली आणि पुढच्या खेपेला दोघांनी मिळून एकदम तीन गोष्टी बदलल्या. त्यात एक टॉर्क रेंच आला. किती इंच-पाउंड जोर लावायचा ते त्यावर ठरवायचं, तेवढा झाला की तो कट्ट वाजतो. तो कट्ट आवाज जावईबापूंना इतका आवडला की ज्याला आवळायची गरज नव्हती तेही त्यांनी आवळलं. मित्रांनी प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावरून खालच्या धातूवर पांढऱ्या रंगाची एक बारीक रेघ ओढली. स्क्रू फिरला तर रेघ तुटलेली दिसणार. ही युक्ती मला मनापासून आवडली. मीटरचं सील तुटलंय की नाही बघण्यात आयुष्य गेलंय.

रेघ तुटली. नव्या कड्यांच्या दोन स्क्रूंची. दर गोळीला दुर्बीण केसभर सरकत होती. रेंजवर असा जल्लोष झाला की आजोबांनी कर्णरक्षक काढून पाहिलं. कड्या नीट बसवल्या, काडतुसं जुनी आणली, स्टँड काढून पुढे वाळूची पिशवी ठेवली. गोळ्या एकमेकींच्या जवळ आल्या. पण रुपयाखाली झाकल्या जाईनात.

मग आजोबा म्हणाले, "रायफल माझ्याकडे दे, मी भरून देतो." त्यांनी पाठमोरं होऊन भरली. जावईबापूंनी श्वास रोखला, चाप ओढला, आणि काहीच झालं नाही. आत खोटं काडतूस होतं. पण आवाज नाही, धक्का नाही, तरी नळीने शिष्टाचाराने मान खाली घातली. आम्ही सगळ्यांनी पाहिलं.

"धक्का यायच्या आधीच तू त्याला ढकलतोस," आजोबा म्हणाले.

"खोटं काडतूस आहे हे मला जाणवलं होतं," जावईबापू म्हणाले. यावर कुणी काही बोललं नाही. सासऱ्याने जावयाशी किती बोलावं याला मर्यादा असतात, आणि टोपीवाल्यालाही त्या ठाऊक असाव्यात.

त्यांनी दुसरंच विचारलं. "तो फ्रिजवरचा कागद म्हणतोस, तसे आणखी किती आहेत?"

"तो एक."

"आणि त्या दिवशी एकूण किती कागद मारलेस?"

जावईबापूंनी जरा आठवल्यासारखं केलं. डझनभर असतील. बाकीचे? बाकीचे टाकले. आजोबांनी खिशातून पेन काढलं आणि सांगितलं की तीन गोळ्या कुणाच्याही जवळ पडतात, दहा मार आणि मग बोल. दहा मारल्या. सप्रेसर लावून दहा, काढून दहा. दोन्ही कागदांवर दीड इंचाच्या आसपासच पसारा. फरक एवढाच की सप्रेसरवाला अडीच इंच खाली. दुर्बिणीच्या चकतीला दहा टिचक्या दिल्या आणि तोही वर आला.

म्हणजे रायफल पहिल्यापासून तेवढीच होती. मला वाटलं जावईबापू खचतील. ते गाडीत बसल्या बसल्या म्हणाले, "बाबा, दस्ता बदलला तर एक इंचावर येईल." मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

पुढच्या रविवारी मित्रांचा फोन आला. त्यांनीही सप्रेसर घेतलाय, कर शून्य झाल्यावर घेतल्यामुळे फारच खुशीत होते, पण मॅडम भलतीकडेच मारताहेत. जावईबापूंनी टॉर्क रेंच पेटीत ठेवला, पांढऱ्या रंगाची बाटली खिशात टाकली, आणि रेंजवर पोचेपर्यंत त्यांच्या चेहऱ्यावर आमच्या एक्झिक्युटिव्ह इंजिनिअरसाहेबांचे भाव आले.

"काही बदललंस?" त्यांनी विचारलं.

"कुछ नहीं, यार. सिर्फ सप्रेसर."

जावईबापूंनी माझ्याकडे पाहिलं.

"आधी गाडीची डिकी उघडायला सांगा त्यांना," मी म्हटलं.